‘त्याचे भोग होते’ हे वाक्य मला आता उच्चारता येत नाही

काळी माती
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात, वर्धा नदीपासून दोन कोसांवर आमचे गाव आहे. मी शेती करतो. बी.ए. झाल्यावर सहा वर्षांनी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम.ए. केले. पुस्तके बहुतेक रात्री, पंपाच्या खोलीत बसून वाचली, कारण रात्रीची लाइन, म्हणजे पंपाला रात्रीची वीज, असली की झोप तशीही मिळत नाही. या अभ्यासाने माझ्या श्रद्धेचे, बऱ्यावाईटाविषयीच्या समजुतींचे आणि आयुष्याला काही अर्थ आहे का या प्रश्नाचे काय केले, हे इतक्या वर्षांनी मला थोडेफार दिसू लागले आहे, म्हणून हा धागा काढतो आहे. ज्यांनी हा विषय महाविद्यालयात, परीक्षेसाठी किंवा स्वतःच्या गरजेपोटी वाचला आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

गावात मला एकच प्रश्न विचारला जातो: तत्त्वज्ञान शिकलास म्हणजे आता देव मानत नाहीस का? मी आजही संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली आमच्याच जिल्ह्यात, यावलीला झाला. वडील महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे असल्याने त्यांच्या ग्रामगीतेच्या ओव्या मला पाढ्यांबरोबरच पाठ झाल्या होत्या, आणि गाव झाडणे हीसुद्धा पूजा आहे हे कोणी समजावून सांगण्याआधीच अंगवळणी पडले होते. यातले काहीही या अभ्यासाने गेले नाही. गेले ते एक वाक्य, आणि त्याच्याविषयीच मला लिहायचे आहे.

माझा चुलतभाऊ बावीस वर्षांचा होता. ऑक्टोबरच्या अखेरीस मृग बहाराच्या संत्र्याला पाणी देण्यासाठी तो रात्री दोन वाजता वावरात गेला आणि त्याला परड चावली. घोणसीला आमच्याकडे परड म्हणतात. दवाखाना गाठेपर्यंत फार उशीर झाला होता. तेरवीच्या दिवशी मी काकूजवळ बसलो होतो. माणसे येत होती, काही ना काही बोलून उठत होती, आणि मलाही काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, ‘‘त्याचे भोग होते, काकू. मागच्या जन्मीचं देणं फिटलं.’’ हे मी मनापासून म्हणालो, तिच्यावरच्या मायेने म्हणालो, आणि लहानपणापासून प्रत्येक मयताच्या घरी जे ऐकले होते तेच म्हणालो.

तीन वर्षांनी अभ्यासक्रमात वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांचा दुसरा अध्याय आला. त्याच्या पहिल्या पादात ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ हे सूत्र आहे. आक्षेप असा की, जगात कोणी सुखी आणि कोणी दुःखी आहे, तेव्हा हे जग निर्माण करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. त्यावर उत्तर असे की, ईश्वर प्रत्येक जीवाच्या धर्माधर्माच्या, म्हणजे पुण्यपापाच्या, अपेक्षेने सृष्टी करतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. शंकराचार्यांनी येथे पावसाचा दाखला दिला आहे: पाऊस सर्वांना समान कारण आहे, भाताचा भात आणि जवाचा जव होतो तो बियाण्याच्या भेदामुळे. शेतकऱ्याला हा दाखला चटकन पटतो. मात्र पाऊस धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही, हेही शेतकऱ्यालाच ठाऊक असते.

ते पान मी त्या रात्री अनेकदा वाचले. तोवर ‘भोग’ हा शब्द मला सांत्वनाचा वाटत होता. येथे त्याचे मूळ काम माझ्यासमोर उघडे झाले: या युक्तिवादात बचाव ईश्वराचा केला जातो, आणि तो करताना आरोप दुःख भोगणाऱ्याच्या माथी येतो. आचार्यांसमोर प्रश्न ईश्वराच्या न्यायाचा होता, शोक करणारी आई त्या सभेत नव्हती. मी मात्र सभेतला युक्तिवाद उचलून तिच्या ओट्यावर नेला होता.

पुढे गांधीजी आणि रवींद्रनाथ टागोर यांचा १९३४ सालचा वाद वाचनात आला. त्या वर्षी १५ जानेवारीला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या यात्रेवर होते; ती यात्रा आदल्या नोव्हेंबरात आपल्या वर्ध्यातूनच निघाली होती. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. टागोरांनी त्यावर जाहीर हरकत घेतली: भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, आणि असा तर्क मान्य केला तर गांधीजींचे विरोधकही तोच तर्क उलटा फिरवून भूकंपाचे खापर त्यांच्यावर फोडू शकतील. गांधीजींनी ती टीका आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापली आणि आपले मत सोडले नाही. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधीजींची तळमळ खरी होती याविषयी मला शंका नाही, तरीही या वादात टागोरांचे म्हणणे मला सोडवत नाही. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या पोरांनी अस्पृश्यता पाळली होती का?

तेव्हापासून कुणाच्याही दुःखाला मी कारण देऊ शकत नाही. देव आहे की नाही, पुनर्जन्म आहे की नाही, यावर माझे मत अभ्यासाआधी जेवढे धूसर होते तेवढेच आजही आहे. पण दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्या गोष्टीचा हिशेब मला कळला आहे असे बोलण्याचा अधिकार माझ्यापाशी उरला नाही. कुणाच्या मयताला गेलो तर गप्प बसतो, आणि हे गप्प बसणेही लोकांना शिष्टपणाचे वाटते. आपल्यापैकी कुणाचे असे झाले आहे का?


आर्वीची शिक्षिका
रविवार, रात्री ११.१५

काळी माती दादा, आपले लिहिणे दोनदा वाचले. आपल्या घरातील दुःखाबद्दल मनापासून वाईट वाटले.

आमच्या घरी तत्त्वज्ञान महाविद्यालयातून आले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, तेव्हा माझे आजोबा तेथे होते. परत आल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले. बावीस प्रतिज्ञांपैकी एक श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे, ती त्यांनी स्वतःच्या वडिलांच्या बाबतीतही पाळली. आजी मात्र पुढे वर्षभर त्या रिकाम्या कोनाड्यात दिवा लावत राहिली, आणि आजोबांनी तिला एका शब्दाने अडवले नाही. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतल्यावर बुद्धी आणि श्रद्धा यांच्या संबंधावर मी अनेक प्रकरणे वाचली, पण विचार पटणे आणि हात थांबणे यांच्यात किती काळ जातो हे मला त्या कोनाड्यानेच शिकवले.

आपल्या मुद्द्याकडे येते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी कर्माचा नियम नाकारलेला नाही. या जगातील नैतिक व्यवस्था माणसाच्या कुशल आणि अकुशल कर्मांवर उभी आहे, असे ते मांडतात. त्या व्यवस्थेला ईश्वराची गरज नाही. त्यांनी ठामपणे नाकारले ते गरिबी आणि हीन स्थिती यांचे कारण मागच्या जन्मात शोधणे. असे मानण्याचा एकच उपयोग होतो, की राज्याला आणि समाजाला आपली जबाबदारी झटकता येते, हा त्यांचा युक्तिवाद आहे. तुम्ही ईश्वराचा बचाव पाहिलात, आणि ते पाहणे मोलाचे आहे. त्याच वाक्याने आणखी कोणाकोणाचा बचाव होतो, तेही पाहावे असे मला वाटते.

शेतीच्या फिडरला (वीजवाहिनीला) दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास असा पाळीपाळीने वीजपुरवठा होत आला आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. सर्पदंश हा शेतात राबणाऱ्या गरीब माणसाचा धोका आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित आजारांच्या यादीत जागा दिली ती २०१७ साली. रात्री दोन वाजता बावीस वर्षांचा मुलगा अंधारात, चिखलात का उभा होता, या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते याच जन्मातले आहे. त्या प्रश्नाची जागा ‘भोग’ या शब्दाने अडवून ठेवली होती. शब्द गेल्यावर ती जागा आपण रिकामी ठेवलीत आणि गप्प राहिलात. मला आपले गप्प राहणे शिष्टपणाचे वाटत नाही, अपुरे वाटते. स्पष्ट लिहिल्याबद्दल राग मानू नये.


टाळकरी
सोमवार, सकाळी ६.२०

राम कृष्ण हरी. मी निवृत्त शिक्षक असून चांदूर बाजार भागात कीर्तन करतो. वय अडुसष्ट. हे वाक्य मी कीर्तनात आणि मयताच्या घरी शेकडो वेळा उच्चारले आहे, तेव्हा उत्तर देणे हे माझे कर्तव्य आहे.

आमच्या जवळच माधान हे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे गाव आहे. १८८१ साली जन्मलेल्या या पुरुषाची दृष्टी तान्हेपणीच गेली. १९१५ साली, वयाच्या पस्तिशीच्या आतच, त्यांनी देह ठेवला. एवढ्या काळात, इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन, त्यांनी वेदान्तापासून डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांपर्यंत सर्वांचा परामर्श घेतला. ते स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची कन्या मानत. अशा माणसाने आपले अंधत्व प्रारब्ध म्हणून स्वीकारले तर त्यात कोणावर आरोप आहे? तेथे तो शब्द माणसाला उभे राहण्यासाठी जमीन देतो. तुम्ही ज्याला ईश्वराचा बचाव म्हणता, तो माझ्या अनुभवात दुःखी माणसाचा आधार आहे. अनेक आया मला स्वतःच म्हणाल्या आहेत, ‘‘महाराज, माझ्या नशिबी एवढंच होतं.’’ त्यांच्याकडून हे काढून घेऊन तुम्ही त्यांच्या हाती काय देणार?

आणि तुम्ही उद्धृत केलेल्या सूत्राच्या पुढचे सूत्रही वाचावे. तेथे संसार अनादि म्हटला आहे. पहिले पाप असे कुठे नाहीच, म्हणून अमुक एका कृत्याचे हे फळ, असे बोट ठेवून दाखवता येत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी ‘गहना कर्मणो गतिः’ असे म्हटले आहे.

हे लिहिताना माझ्या मनात एक गोष्ट आली, ती लपवत नाही. कर्माची गती गहन असेल, तर ‘देणं फिटलं’ हे तुम्हाला कसे कळले, असा प्रश्न शास्त्रच तुम्हाला आणि मलाही विचारते. स्वतःविषयी ‘माझे प्रारब्ध’ म्हणणे आणि दुसऱ्याविषयी ‘त्याचे भोग’ म्हणणे यांत अंतर आहे, हे मी मान्य करतो. पहिल्यात शरणागती आहे. दुसऱ्यात न्यायाधीशाची खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीवर मी किती वेळा बसलो याचा विचार करतो आहे.

तरी मूळ सिद्धांत मी सोडणार नाही. बावीस वर्षांचे लेकरू जाते आणि त्यामागे कसलीही व्यवस्था नाही, असे मानून मला सकाळी उठता येणार नाही. शिक्षिका ताई विजेचे कारण सांगतात, ते खरेच आहे. पण त्याच रात्री त्याच शिवारात आणखी दहा जण पाणी देत होते, मग तोच का, हे विजेच्या वेळापत्रकातून निघत नाही.


अभ्यासिका
सोमवार, दुपारी १.०५

मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे आणि तालुक्याच्या गावी खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा अडीचशे गुणांचा स्वतंत्र पेपर आहे. त्याच्यासाठी मी कान्ट, मिल, ॲरिस्टॉटल वाचले आणि वाचता वाचता त्यांत खरोखर गुंतलो. माझी अडचण श्रद्धेची नसून नीतीची आहे.

आमच्या वावराच्या पूर्वेच्या धुऱ्याला लागून वडील दरवर्षी वखर थोडा पलीकडून घालतात. वीतभर जागा. लहानपणी मी तिफणीच्या मागे चालायचो तेव्हापासून हे पाहत आलो आहे. कान्टने १७८५ साली सांगितलेली कसोटी लावली: तू ज्या नियमाने वागतोस तो सर्वांचा नियम व्हावा असे तुला इच्छिता येईल का? प्रत्येकाने धुरा सरकवला तर धुरा ही वस्तूच राहणार नाही. मला वाटले, हे उत्तर निर्विवाद आहे, आणि मी ते वडिलांपुढे मांडले. वडील म्हणाले, सगळे सरकवतातच, पलीकडचाही सरकवतो, तरी धुरा आपला शंभर वर्षे तिथेच आहे. मला पुढे बोलता आले नाही. एकूण सुख वाढेल ते योग्य, या मिलच्या मार्गाने हिशेब केला तर शेजाऱ्याकडे चाळीस एकर आणि आमच्याकडे चार, तेव्हा वीतभर जमिनीने आमचे सुख त्याच्या नुकसानापेक्षा अधिकच वाढते. ह्यूम सांगतो की ‘आहे’ यावरून ‘असावे’ निघत नाही.

आता माझी अवस्था अशी आहे की कोणत्याही बाजूने मी दहा ओळींचे चांगले उत्तर लिहू शकतो आणि कोणतीही बाजू मला बांधून ठेवत नाही. पूर्वी मला चोरी ही चोरी वाटत होती. आता ती ‘विचारप्रवर्तक उदाहरण’ वाटते. काळी माती दादांचे एक वाक्य गेले, माझे पायाखालचे सगळेच गेले असे वाटते. यातून मार्ग आहे का, हे मी खरोखर विचारतो आहे.


आर्वीची शिक्षिका
सोमवार, दुपारी ४.३०

अभ्यासिका, बाळा, तुझे वडील वखर पलीकडून घालताना आधी शेजारचे कोणी वावरात आहे का, ते पाहत होते का? पाहत असतील, तर ते चूक आहे हे त्यांना कान्टच्या आधीपासून ठाऊक आहे, आणि तिफणीमागे चालणाऱ्या तुलाही तेव्हाच कळले होते. जे ज्ञान सिद्धांताने दिलेले नव्हते, ते सिद्धांतांच्या भांडणात हरवेल कसे? कान्टची कसोटी, मिलचा हिशेब हे सारे त्या आधीच्या जाणिवेची परीक्षा घेण्यासाठी आहेत. कधी ती जाणीव चुकीचीही निघते. माझ्या आजोबांच्या काळी विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्यांनाही आपण योग्य वागतो असे आतून वाटतच होते. म्हणून परीक्षा हवी. पण परीक्षेत चार उत्तरे सारख्या गुणांची असतात म्हणून वावरातही ती सारखी होत नाहीत. वडिलांशी वाद घालण्याऐवजी सरकारी मोजणीचा अर्ज भर, आणि हद्दीचे दगड गाडायला स्वतः उभा राहा.


ऋद्धपूरची वाट
सोमवार, रात्री १०.००

मी चक्रधर स्वामींच्या महानुभाव पंथाच्या घरातली. ज्या ऋद्धपुरात श्रीगोविंदप्रभू राहिले, जेथे म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्याच्या शेजारच्या गावी माझे माहेर आहे. तत्त्वज्ञान मी लग्नानंतर, मुले शाळेत जाऊ लागल्यावर शिकले.

आमच्या पंथाच्या ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात हत्तीचा दृष्टान्त आहे. जन्मांध माणसे हत्तीला हात लावतात, ज्याच्या हाती जो अवयव येतो तसाच हत्ती आहे असे तो सांगतो. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, आणि शाळेत तिचा अर्थ ‘सगळ्यांचेच खरे’ असा सांगितला जाई. ज्ञानमीमांसा वाचताना एक गोष्ट अचानक ध्यानात आली: आंधळे अपुरे सांगतात, हे कोणाला कळले? त्या गोष्टीत अख्खा हत्ती पाहणारा कोणीतरी डोळस आहे, म्हणूनच इतरांचे अपुरेपण म्हणता येते. ‘सर्व धर्म शेवटी एकच सांगतात’ असे म्हणणारा माणूस स्वतःला त्या डोळसाच्या जागी ठेवत असतो, आणि बहुधा त्याला याची कल्पना नसते. आमच्या पंथात ती जागा परमेश्वराची आहे. माझी नाही, हे मला त्या दिवशी फार तीव्रतेने जाणवले, आणि सर्वधर्मसमभावाविषयीची माझी जुनी सोपी समजूत त्याच दिवशी गेली.

मग मी विचार करू लागले की जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि आणि वेगवेगळे आहेत, हे मला खरे म्हणून माहीत आहे का? प्रामाणिक उत्तर असे की नाही. मी ते ऐकले आहे. पण मांस न खाणे, अन्य देवतांची पूजा न करणे, पहाटे नामस्मरण करणे या गोष्टी मी मतांच्या आधारे कधी सुरू केल्याच नव्हत्या. त्या मला दिलेल्या होत्या आणि मी त्या पुन्हा स्वतःच्या म्हणून घेतल्या. व्रत खरे किंवा खोटे नसते, पाळलेले किंवा मोडलेले असते. तत्त्वज्ञानाने माझ्या घरातील वस्तू वेगवेगळ्या केल्या: हे मत, हे व्रत, ही सवय, आणि ही नुसती लोकांची भीती. चौथी वस्तू मी बाहेर ठेवली. मासिक पाळीत स्वयंपाकघराबाहेर बसणे सोडले. घरात महिनाभर अबोला होता.

काळी माती दादा, तुमच्या ‘भोग’ शब्दाविषयी विचारावेसे वाटते. काकूंना तो शब्द कसा लागला होता, हे तुम्ही लिहिलेले नाही. टाळकरी महाराज म्हणतात तो आधार होतो, तुम्ही म्हणता तो आरोप आहे. त्यांना कोणी विचारले का?


काळी माती
बुधवार, रात्री ११.५०

विचारले नव्हते. एवढ्या वर्षांत मी त्या वाक्यावर वाचले, टिपणे काढली, येथे लिहिले, पण जिच्याशी ते बोललो तिला विचारले नव्हते. ताई, आपला प्रश्न वाचल्यापासून अस्वस्थ होतो. काल संध्याकाळी गेलो.

काकू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी थेट म्हणालो की तेरवीच्या दिवशी मी असे असे बोललो होतो, ते तुला आठवते का. ती म्हणाली, आठवते. मग शेंगा सोलणे थांबवून म्हणाली, ‘‘लहान असतानी त्यानं खारीचं पिल्लू मारलं होतं, गोट्यानं. मी त्याले लय मारलं होतं त्या दिवशी. त्याच्यानं त नसन झालं, बाबू?’’

मागचा जन्म तिला दिसणे शक्य नव्हते, म्हणून तिने हाच जन्म शोधला. मुलाची बावीस वर्षे तिने उलटीपालटी करून पाहिली, आणि तिला एक खारीचे पिल्लू सापडले. हे ती किती वर्षे मनात धरून होती, ते मला विचारवले नाही.

टाळकरी महाराज, आपण लिहिले की संसार अनादि असल्यामुळे अमुक कृत्यावर बोट ठेवता येत नाही. शास्त्रात ते तसेच आहे. पण शोक करणारी आई शास्त्राच्या या बारकाव्यापाशी थांबत नाही. हिशेब आहे असे सांगितले की ती खाते उघडून बसते. स्वतःहून ‘माझ्या नशिबी एवढंच होतं’ म्हणणारी आई आणि मी सांगितल्यावर शोधत बसलेली आई, या दोघींमधला फरक आपणच दाखवलात, आणि तो मला काल डोळ्यांसमोर दिसला.

मी तिला म्हणालो, ‘‘नाही. त्यानं काहीच केलं नव्हतं.’’ हे मी ठामपणे म्हणालो. घरी येताना माझ्यातला विद्यार्थी जागा झाला. मृत्यूचा कर्माशी संबंध आहे हे मला सिद्ध करता आले नव्हते, तसे तो नाही हेही मी सिद्ध केलेले नाही. मग एका अप्रमाणित वाक्याच्या जागी मी दुसरे अप्रमाणित वाक्य ठेवले का? तरीही हे दुसरे वाक्य परत घ्यावे असे मला वाटत नाही, आणि ते का वाटत नाही याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही.

शिक्षिका ताईंनी म्हटले ते कारणही मी तिला सांगितले. रात्रीची लाइन, बॅटरीचा मिणमिणता उजेड, पायात बूट नसणे, दवाखान्यापर्यंतचे अंतर. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, हे तिला माहीत आहे, त्या वेळी कोणी बोलले नाही. आमच्या फिडरला दिवसा वीज मिळावी म्हणून गावाने अर्ज करायचे ठरवले आहे. त्यावर तिने सही करते म्हटले.

आणि टाळकरी महाराजांचा ‘तोच का’ हा प्रश्न उरतोच. वीज त्याचे उत्तर देत नाही, हे खरे. मला आता असे वाटू लागले आहे की त्याच्या मरणाला अर्थ नसेल, तरी जगण्याला होता, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या बांधावरची एकशेवीस झाडे त्याने स्वतः जंबेरीच्या (रानलिंबाच्या) खुंटावर संत्र्याचे डोळे बांधून, म्हणजे कलमे करून, तयार केली होती. खुंट निवडण्यापासून सगळे त्याचे. ती झाडे आज फळावर आहेत. ती त्याच्या मरणाची भरपाई नाहीत, आणि मी ती तशी सांगणारही नाही. पण आयुष्याचा अर्थ शोधायला गेलो की मी त्या रात्रीच्या दोन वाजण्यापाशी जातो आणि तिथेच अडकतो, हे चूक होते असे वाटते. जायला हवे ते त्या झाडांकडे.


अभ्यासिका
गुरुवार, सकाळी ८.१५

मोजणीचा अर्ज तालुक्याला जाऊन आणला आहे. वडिलांना अजून दाखवलेला नाही. दादा, तुमच्या काकूंचे वाचून काल रात्री अभ्यास झाला नाही.


आर्वीची शिक्षिका
गुरुवार, दुपारी २.४०

काळी माती दादा, सिद्धतेविषयीच्या आपल्या शंकेवर थोडे लिहिते. दोन्ही वाक्ये अप्रमाणित आहेत म्हणून ती सारखी होत नाहीत. जो आरोप करतो त्याने पुरावा द्यायचा असतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याने आपण निर्दोष असल्याचा पुरावा शोधत फिरायचे नसते, आणि मेलेल्या मुलाला तर तो देताही येत नाही. मागच्या जन्माचा पुरावा कोणीही देऊ शकत नसताना तुमच्या भावाला निर्दोष म्हणणे हा उतावीळपणा ठरत नाही. पुराव्याचा हा नियम न्यायालयातही आहे आणि आपल्या शाळेतल्या पोरांच्या भांडणातही आपण तोच लावतो.


टाळकरी
गुरुवार, रात्री ९.००

खारीच्या पिल्लाचे वाचल्यापासून मी दोन वेळा लिहायला बसलो आणि उठलो.

ताईंचा पुराव्याचा नियम मला न्यायालयापुरता पटतो. परमार्थात तो जसाच्या तसा लागू होतो असे मला वाटत नाही, आणि त्यावर आपण पुढे बोलू. कर्मसिद्धांत मी मानतो आणि मानत राहीन. परवा आमच्या शेजारच्या गावी एका तेरवीला माझे कीर्तन आहे. घर तरुण विधवेचे आहे. माझ्या वहीत त्या प्रसंगासाठी वीस वर्षांपासून जे निरूपण लिहिलेले आहे, त्यात ‘भोग’ हा शब्द सात वेळा येतो. आज दुपारी बसून मी ते सातही खोडले. त्यांच्या जागी काय म्हणायचे हे अजून ठरलेले नाही, आणि अभंग कोणता घ्यावा याचाही विचार चालू आहे. ऋद्धपूरच्या ताईंना किंवा आपल्याला काही सुचत असेल, तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे.